निखाऱ्यावरची वाम : नारिता ते नागोया

दिवाळी आटोपली, फराळाचे डबे भरले आणि आम्ही दोघं जपानला निघालो. भाचा तिथे निशी-कासाईला राहतो. "मावशी, काय काय बघायचंय ते सांगून ठेव," असा त्याचा निरोप आला तेव्हा फुजी, देवळं, बुलेट ट्रेन ही सगळ्यांची यादी मीही सांगितली आणि शेवटी एक मागणी जोडली. पिढ्यानपिढ्या फक्त वामच भाजत आलेल्या दुकानात जेवायचं. वाम म्हणजे सापासारखा लांबट मासा, तिकडे तिला उनागी म्हणतात. अशा दुकानांत दुसरं फारसं काही मिळत नाही आणि त्यातली कित्येक शंभर-दीडशे वर्षांची आहेत, एवढं ऐकून होते.

आमच्या ह्यांना ते काही रुचलं नाही. हे वेंगुर्ल्याचे. दर्याचा मासा तो मासा, खाडीचा चालेल, नदीचा म्हणजे नाइलाज, असा त्यांचा कडक नियम. "गोड्या पाण्यातलो मासो म्हणजे चिखलाचो वास," हे त्यांनी मुंबईच्या विमानतळावरच जाहीर केलं. भाच्याने मात्र काकांचा स्वभाव ओळखून बेत आखला होता. एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, क्योतोला जाणारा तोकाइदो नावाचा जुना राजरस्ता आहे. त्याच्या कडेकडेने पश्चिमेला सरकत जायचं आणि वाटेत जिथे जिथे वामेचं नाव आहे तिथे उतरायचं. सुरुवात त्या रस्त्यावर नसलेल्या नारितापासून, कारण विमान तिथेच उतरतं.

दिवस पहिला : नारिता

विमानतळ नारिताला आहे म्हणून नारिता बघितलं असं वाटणारे पुष्कळ. गाव मात्र विमानतळापासून ट्रेनने दहा मिनिटांवर, आणि बहुतेक प्रवासी ते न बघताच टोकियोला पळतात. बॅगा लॉकरमध्ये टाकून आम्ही स्टेशनबाहेर आलो तर भाचा हजर होता. हवा कोरडी, गार, ऊन कोवळं. स्टेशनपासून नारितासान शिन्शोजी या मंदिरापर्यंत वळणावळणाने उतरत जाणारा रस्ता आहे. दुतर्फा जुनी लाकडी दुकानं: लोणची, शेंगदाणे, बांबूच्या वस्तू. आणि दर थोड्या अंतरावर वामेचं दुकान. एदोहून इथे पायी दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंना जवळच्या इनबानुमा सरोवरातली आणि तोने नदीतली वाम खाऊ घालायचे. तिथून ही चाल पडली.

आम्ही गेलो ते कावातोयो, 1910 सालचं. दर्शनी भागातच, रस्त्यावरून दिसेल असे, कारागीर फळ्या मांडून बसलेले. बादलीतून जिवंत वाम काढायची, डोक्यात खिळा ठोकून फळीवर अडकवायची आणि पाठीच्या बाजूने सुरी घालून एका ओढीत शेपटीपर्यंत उघडायची. काटा सुटतो, काळीज बाजूला पडतं, पुढची वाम फळीवर. बघवत नसेल तर सरळ आत जावं. आमचे हे मात्र तिथेच थबकले. मासे कापणारा माणूस म्हटला की ह्यांना त्याचा हात बघायचाच असतो. "सुरी बघ त्याची," एवढंच म्हणाले. ह्यांच्या तोंडून ही मोठी शाबासकी.

पाठीकडूनच का, तर सांगतात असं की एदो हे सामुराईंचं शहर. पोट चिरणं म्हणजे त्यांच्यासाठी प्राणत्यागाची खूण, म्हणून माशाचंही पोट फाडायचं नाही. पश्चिमेकडे ओसाका-क्योतोत व्यापाऱ्यांचं राज्य, त्यांना असल्या अपशकुनाचं सोयरसुतक नाही, ते पोटाकडूनच चिरतात. वामेचं रक्त कच्चं असताना विषारी असतं आणि शिजवल्यावर ते विष मरतं, हेही भाच्याने तिथेच सांगितलं. जपानी माणूस इतके मासे कच्चे खातो, पण वाम कच्ची का मिळत नाही याचं उत्तर त्यात आहे.

आत पैसे भरून नंबर घ्यायचा आणि बोलावतील तेव्हा यायचं. मधल्या वेळात मंदिरात गेलो. हे मंदिर इसवी सन 940 मधलं, शिंगोन बौद्ध पंथाचं. मुख्य देवता फुदो म्यो-ओ, म्हणजे आपल्याकडून गेलेला अचल. एका हातात तलवार, दुसऱ्यात पाश, मागे ज्वाळा. मूर्ती कूकाई या महान आचार्यांनी घडवली अशी श्रद्धा. आम्ही पोचलो तेव्हा होम सुरू होत होता. तो दिवसातून अनेकदा होतो आणि कुणीही आत जाऊन बसू शकतं. ढोल घुमायला लागला, समिधा पेटल्या, पुरोहितांनी सुरात मंत्र धरले. शेवटी लोक रांगेने आपापल्या पिशव्या, पर्सेस पुढे देतात आणि पुरोहित त्या ज्वाळेच्या धगीवर धरून परत करतात. मीही माझी पर्स दिली. आत पासपोर्ट आहेत हे ह्यांना उशिरा आठवलं आणि पर्स हातात येईपर्यंत त्यांचा श्वास अडकला होता.

परत आलो, जोडे काढून चटईवर बसलो. लाखेचा चौकोनी डबा समोर आला. झाकण उघडलं की गरम भातावर दोन रुंद, तांबूस-तपकिरी, चकाकणारे तुकडे. याला उनाजू म्हणतात. सोबत काळजाचं पातळ सार आणि लोणचं. एदोकडच्या पद्धतीत वाम आधी नुसती भाजतात, मग वाफवतात, मग तारे नावाच्या, सोया सॉस आणि मिरिन या तांदळाच्या गोड मद्याच्या, गोडसर रसात बुडवून पुन्हा निखाऱ्यावर धरतात. वाफेने जादा चरबी उतरते आणि मांस इतकं मऊ होतं की चॉपस्टिक टेकवली तरी तुटतं. बारीक काटे असतात, पण जिभेला कळत नाहीत.

ह्यांनी पहिला घास घेतला, चावला, चेहऱ्यावर काही नाही. "गोड हा," म्हणाले. मालवणी माणसाने माशाला गोड म्हणणं ही काही स्तुती नव्हे. तेवढ्यात शेजारच्या आजीबाईंनी टेबलावरची लहानशी कुपी ह्यांच्याकडे सरकवली आणि दोन बोटं चिमटीत धरून दाखवलं: एवढंच घाला. हिरवट भुकटी होती. ह्यांनी डब्यावर भुरभुरली, वास घेतला आणि माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "अगो, हेका तिरफळांचो वास येता!"

खरंच येत होता. त्या भुकटीला सान्शो म्हणतात आणि ते झाड आपल्या तिरफळाच्याच कुळातलं. तीच जिभेला मुंग्या आणणारी झणझण, फक्त वास लिंबाकडे झुकणारा. बांगड्याच्या कालवणात तिरफळ ठेचून टाकणाऱ्या घरातला माणूस हजारो मैलांवर येतो आणि माशावर तेच पडतं म्हटल्यावर परकेपण किती वेळ टिकणार? डबा रिकामा झाला. आजीबाईंना ह्यांनी हात जोडले, त्यांनी वाकून उत्तर दिलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. नारिताला विमान बदलायचं असेल आणि हातात पाच-सहा तास असतील तर हा बेत सहज जमतो. एका माणसाच्या उनाजूला चार-पाच हजार येन धरून चला. 100 येनचे साधारण 55 ते 60 रुपये होतात. काही जुन्या दुकानांत कार्ड चालत नाही, रोख जवळ हवी. गुडघ्यांची तक्रार असेल तर खुर्ची-टेबलाची जागा आहे का ते आधी विचारावं. आणि मासे न खाणाऱ्या मंडळींना प्रेमाने ओढून नेऊ नये. सारापासून सगळ्यात मासा असतो, त्यांच्या वाट्याला नुसता भात येईल.

दिवस दुसरा : निशी-कासाई

या दिवशी काही केलं नाही. झोपेचं गणित बिघडलेलं होतं आणि भाचेसुनेने वरण-भात, तूप, लिंबू असं साधं जेवण केलं होतं. निशी-कासाई हा टोकियोच्या पूर्वेचा भाग. भारतीय माणसांची इथे मोठी वस्ती, बहुतेक सगळी संगणकाच्या नोकरीतली. रस्त्यात चार पावलांवर आपली भाषा ऐकू येते.

संध्याकाळी पाय मोकळे करायला सुपरमार्केटात गेलो. तिथे भाजलेली वाम पाकिटात मिळते. त्यातली बरीच चीनमधून येते आणि दुकानातल्या जेवणाच्या मानाने पुष्कळ स्वस्त असते. जुलैच्या अखेरीला, ऐन उन्हाळ्यात, एक ठरलेला 'बैलाचा दिवस' येतो आणि त्या दिवशी सगळा देश वाम खातो. उन्हाळ्याने आलेली मरगळ त्याने जाते अशी समजूत. ही टूम हिरागा गेन्नाई या अठराव्या शतकातल्या हरहुन्नरी पंडिताने काढली असं म्हणतात. उन्हाळ्यात गिऱ्हाईक नाही म्हणून रडणाऱ्या एका वामवाल्याला त्याने दुकानावर 'आज बैलाचा दिवस' अशी पाटी लावायला सांगितली, आणि दुकान चाललं. खरं-खोटं कोण जाणे, पण जाहिरातीचं कसब म्हणून गोष्ट झकास आहे. खरी चरबी तर वामेला थंडीच्या तोंडावर चढते. म्हणजे नोव्हेंबरातले आम्ही नशीबवान, आणि रांगाही जुलैपेक्षा आखूड.

घरी आल्यावर भाच्याने वेगळाच विषय काढला. तो स्वतः वर्षातून एखाद-दोनदाच वाम खातो. कारण ही जात संकटात आहे. 2013 साली जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने आणि 2014 साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिला संकटग्रस्त ठरवलं. लोकांना वाटतं तळ्यांत पाळतात, मग संपेल कशी? पण तळ्यात वाढवतात ती पिल्लं समुद्रातून पकडून आणलेलीच असतात. वाम नदीत, सरोवरात वाढते आणि अंडी घालायला मात्र भर समुद्रात जाते. कुठे, हे कित्येक वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी 2009 साली जपानी संशोधकांच्या चमूला मारियाना बेटांच्या पश्चिमेला पॅसिफिकमध्ये तिची अंडी सापडली. तिथून काचेसारखी पारदर्शक पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत हिवाळ्यात जपानच्या किनाऱ्याला लागतात, नदीच्या मुखाशी कंदिलाच्या उजेडात जाळ्यांनी धरली जातात आणि तळ्यांत सोडली जातात. प्रयोगशाळेत अंड्यापासून अंड्यापर्यंतचं पूर्ण चक्र 2010 मध्ये जमलं, पण बाजाराची गरज त्यावर भागत नाही.

हे सगळं ऐकून आमचे हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे जन्म दर्याचो." वामेला ह्यांच्या नियमात जागा मिळाली ती अशी. भाचा मात्र ज्यासाठी सांगत होता तो मुद्दा मला पटला. खायचीच तर पाकीट फोडून रोजच्या भाजीसारखी खाऊ नये. जिला भाजण्यात कुणाचं तरी आयुष्य गेलंय, ती मोजकी खावी.

दिवस तिसरा : मिशिमा

टोकियोहून मिशिमाला शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, तासाभराच्या आत पोचता येतं. एक ध्यानात ठेवायचं: नोझोमी गाड्या इथे थांबत नाहीत. कोदामा धरायची, किंवा थांबणारी एखादी हिकारी. भाच्याची सुट्टी संपली होती, आता आम्ही दोघंच.

मिशिमा हे फुजीच्या पायथ्याकडचं गाव, आणि त्या दिवशी फुजी पूर्ण उघडा, वर ताजं बर्फ. पण मला जास्त आवडलं ते गावातलं पाणी. फुजीवर पडलेला पाऊस आणि वितळलेलं बर्फ लाव्हाच्या थरांमधून झिरपत खाली येतं आणि इथे जागोजागी उमाळ्याने वर फुटतं. गेनबेई नावाचा ओढा भर वस्तीतून वाहतो. त्याच्या पात्रातच दगड आणि फळ्या टाकून वाट केली आहे. घरांच्या मागच्या अंगणांमधून आपण पाण्यावरून चालत जातो. तळाचा खडा न् खडा दिसतो. एक गृहस्थ गमबूट घालून पाण्यातलं शेवाळ काढत होते. आम्हाला बघून त्यांनी काम थांबवलं, वाट दिली आणि ओंजळीने पाणी उडवून दाखवलं: बघा, किती गार! हात घातला. खरंच गार होतं.

या गावात जुन्या काळी वाम कुणी खात नसे. मिशिमा ताइशा देवस्थानच्या देवाची ती दूत, तिला मारलं तर शिक्षा, अशी श्रद्धा होती. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातले मासे आपल्याकडे वरदायिनी देवीचे म्हणून कुणी धरत नाही, त्यातलाच हा प्रकार. इथली श्रद्धा मोडली ती एकोणिसाव्या शतकात सत्तापालटाच्या वेळी. शोगुनची सत्ता उलथवणाऱ्या सात्सुमा आणि चोशू या प्रांतांचे सैनिक इथे मुक्कामाला आले, त्यांना या देवाचं काही माहीत नव्हतं, त्यांनी ओढ्यातली वाम धरून खाल्ली आणि कुणाला काही झालं नाही. मग गावकऱ्यांनीही सुरुवात केली, असं सांगतात. देवाने काय म्हटलं ते नोंदलेलं नाही.

गंमत अशी की साकुराया हे इथलं नावाजलेलं दुकान 1856 सालचं, म्हणजे त्या सैनिकांच्याही आधीचं. तेव्हा देवाचा धाक सगळ्यांनाच सारखा नसावा, असं आमच्या ह्यांचं मत पडलं.

दुकानापाशी गर्दी होती. नंबर घेतला आणि ओढ्याकाठी जाऊन बसलो. मिशिमाची वाम इथे जन्मत नाही, बाहेरच्या तळ्यांतून येते. पण आली की तिला लगेच कापत नाहीत. फुजीच्या त्या वाहत्या पाण्यात काही दिवस उपाशी ठेवतात. त्याने तिच्या अंगचा मातकट वास निघून जातो आणि मांस आवळतं. चिखलाच्या वासाबद्दलचं ह्यांचं भाषण मुंबईपासून चालू होतं, आणि इथे एक अख्खं गाव त्याच एका गोष्टीवर दीडशे वर्षं मेहनत घेत होतं. मी काही बोलले नाही. नुसतं पाण्याकडे बोट दाखवलं.

जागा मिळाल्यावरही थांबावं लागतं, कारण चांगल्या दुकानात बराचसा भाजण्याचा खेळ मागणी दिल्यावरच रंगतो. बाहेरपर्यंत धूर येत होता. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडतो, धूर उठतो, तो वामेला लागतो आणि त्याच धुराची चव शेवटी तोंडात राहते. भाजणारा एका हाताने पंखा हलवतो आणि दुसऱ्याने शिगा फिरवतो. या धंद्यात एक म्हण आहे: शिगा टोचायला तीन वर्षं, चिरायला आठ, भाजायला जन्म. बांबूच्या शिगा कातडी आणि मांस यांच्या मधून अशा घालायच्या की भाजताना तुकडा आकसू नये, वाफवताना फाटू नये. तीन वर्षं त्यालाच जातात.

आणि तारे. जुन्या दुकानांचा हा रस कधी नव्याने करत नाहीत. मडक्यातला कमी झाला की त्यात ताजा घालतात. भाजलेली प्रत्येक वाम त्यात बुडून निघते, आपली थोडी चरबी सोडून जाते. आपल्याकडे घरचं विरजण चालत येतं, अगदी तसं. 1923 च्या मोठ्या भूकंपात आणि महायुद्धातल्या बॉम्बफेकीत वामवाल्यांनी आधी तारेचं मडकं उचललं आणि मग पळाले, अशा कथा टोकियोतल्या कित्येक दुकानांबद्दल ऐकायला मिळतात.

इथली वाम खाल्ली आणि मी गप्पच झाले. मऊपणा नारिताचाच, पण चव जास्त स्वच्छ. गोडवा पुढे पुढे करत नाही, आधी मासा लागतो. काळजाचं सार किंचित कडू, ते ह्यांनी माझंही प्यायलं. सान्शोची कुपी मात्र ह्यांनी या खेपेला सढळ हाताने वापरली. जीभ बधिर झाली तेव्हा थांबले.

मिशिमाला जाणार असाल तर सकाळीच पोचा, नंबर घ्या आणि मग गाव फिरा. वाम संपली की दुकान ठरलेल्या वेळेआधीही बंद होऊ शकतं, हे सगळीकडेच लागू आहे. आठवड्याची सुट्टी आधी बघून घ्यावी. ओढ्यातल्या वाटेवर घसरत नाहीत असे जोडे हवेत. त्या रात्री मिशिमातच राहिलो.

दिवस चौथा : हामाना सरोवर ओलांडून नागोया

पश्चिमेकडे जाताना शिन्कान्सेनमध्ये ई क्रमांकाची खिडकी मागा, फुजी उजवीकडे दिसतो. मिशिमा सुटल्यावर थोडा वेळ तो अख्खा होता, मग मागे पडला.

हामामात्सूला गाडी बदलायची होती. वाम पाळण्याचा धंदा या भागाने मोठा केला. हामाना सरोवराच्या काठी हात्तोरी कुराजिरो यांनी 1900 साली तळी उभारली आणि हे गाव वामेच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. आता उत्पादनात कागोशिमा आणि आइची पुढे गेलेत, पण नाव हामामात्सूचंच. पूर्वेची वाफवण्याची आणि पश्चिमेची न वाफवण्याची, दोन्ही पद्धती इथे नांदतात. स्टेशनवर उनागी पाय नावाची खुसखुशीत लांबट बिस्किटं मिळतात. 1961 पासूनची. त्यात वामेची पूड असते आणि पुड्यावर 'रात्रीचा खाऊ' असं लिहिलेलं. ऑफिसातल्या मंडळींसाठी उत्तम भेट, मात्र आत मासा आहे हे शाकाहाऱ्यांना आधी सांगा. पुढे गाडी सरोवराच्या मुखावरून गेली. पाण्यात उभी लाल तोरी, म्हणजे देवळाची कमान, दिसली न दिसली तोच मागे पडली.

नागोयात हॉटेलवर सामान टाकलं आणि भुयारी रेल्वेने अत्सुता जिंगू तेन्माचो स्टेशन गाठलं. तिथून चालत अत्सुता होराइकेनची मुख्य शाखा. 1873 सालचं दुकान, जुन्या वाड्याचा थाट, दारात पाइनची झाडं. लोकांची बऱ्यापैकी गर्दी. चिठ्ठीवर वेळ लिहून मिळाली, ती अजून पुष्कळ लांब होती. इथे वैतागू नये. थांबण्याच्या वेळेत बघण्यासारखं दोन्ही बाजूंना आहे.

एकीकडे मिया नो वाताशी, म्हणजे मियाचा जुना होडीधक्का. तोकाइदोवरचा हा 41वा मुक्काम, आणि इथे राजरस्ता चक्क संपायचा. पुढचं कुवाना गाव गाठायला सात री, म्हणजे सुमारे 27 किलोमीटर, होडीने जावं लागे. आता भराव टाकून समुद्र दूर ढकलला आहे. नदीकाठी छोटी बाग, एक दीपस्तंभ आणि घंटेचा मनोरा उरला आहे. एके काळी सगळ्या तोकाइदोवर सर्वांत जास्त खानावळी आणि धर्मशाळा या मुक्कामावर होत्या. होडीची वाट बघणाऱ्यांना खाऊ-पिऊ घालणं हाच इथला धंदा. वारा सुटला की होडी बंद, मुक्काम वाढला. त्या मानाने आमची चिठ्ठी बरी.

दुसरीकडे अत्सुता देवस्थान, दाट झाडीत. जपानच्या तीन राजचिन्हांपैकी कुसानागी तलवार इथे आहे, आणि ती कुणालाही दाखवत नाहीत. 1560 साली ओकेहाझामाच्या लढाईआधी ओदा नोबुनागा या सरदाराने इथे प्रार्थना केली आणि जिंकल्यावर एक मातीची भिंत बांधून दिली, ती अजून उभी आहे. मोठा कापूरवृक्ष आहे, हजार वर्षांहून जुना म्हणतात, आणि तोही कूकाईंनी लावलेला. नारिताला मूर्ती, इथे झाड! नोव्हेंबर हा तिकडे तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना देवदर्शनाला नेण्याचा महिना. पोरी किमोनोत, केसांत फुलं, हातात गोळ्यांची लांबच लांब पिशवी. एक तीन वर्षांची ठमी किमोनोसकट खडीत फतकल मारून बसली होती आणि अख्खं घर तिची मनधरणी करत होतं.

चिठ्ठीची वेळ झाली. आत बसलो तर शेजारच्या टेबलावर तीच ठमी, आई-बाबा आणि आजी-आजोबा. आता ती खूश होती.

इथली ओळख हित्सुमाबुशी. लाकडी भांड्यात भात, त्यावर वामेचे बारीक काप, शेजारी चिरलेली पात, वासाबी ही झणझणीत हिरवी चटणी, नोरी म्हणजे समुद्री शेवाळाची पापडी आणि गरम सार भरलेली किटली. दुकानाची सांगी अशी: पूर्वी घरपोच मागण्या खूप असत आणि चिनीमातीचे वाडगे वाटेत फुटायचे. म्हणून लाकडी भांड्यात सगळ्यांचं एकत्र भरून पाठवायला लागले. पण मोठे तुकडे वरच्यावर उचलले जायचे आणि खाली नुसता भात राहायचा, म्हणून वाम कापून पसरली. आता या नावाचा ट्रेडमार्क होराइकेनकडे आहे, आणि पदार्थ नागोयाभर मिळतो.

खाण्याची रीत ठरलेली आहे. भाताचे चार भाग पाडायचे. पहिला नुसता. दुसरा पात, वासाबी, नोरी घालून. तिसऱ्यावर सार ओतायचं. चौथा, या तिन्हींपैकी जो आवडला तसा.

पहिल्याच घासाला कुर्रर झालं. नागोयात वाम वाफवत नाहीत, थेट निखाऱ्यावर. कातडी कडक, कडा जळकट, आत रसाळ, रस गडद. नारितापासून जी मऊ मऊ होत आली होती ती इथे एकदम दातांखाली आली. ह्यांचे डोळे मोठे झाले. चुलीवर भाजलेल्या माशाची कातडी आधी कुणी खायची यावर भावंडांत मारामारी होत असलेल्या घरातला हा माणूस. "हां, आता कसां!" म्हणाले.

तिसऱ्या भागाला मात्र अडलं. भाजलेल्या कुरकुरीत वामेवर सार ओतून ती भिजवायची, हे ह्यांच्या गळी उतरेना. किटली हातात धरून बसले. शेजारच्या आजींनी ते पाहिलं. उठल्या, ह्यांच्या वाडग्यावर स्वतः किटली धरली, भात बुडेल न बुडेल इतकंच ओतलं, वर वासाबीचा कण ठेवला आणि हाताने खूण केली: आता लगेच, थांबू नका. ह्यांनी वाडगा तोंडाला लावला. सार, धूर, भात, सगळं एकत्र. दोन दिवस ज्या कालवणाची वाट बघत होते ते मिळालं. ठमीने टाळ्या वाजवल्या.

चौथा भाग मी पात-वासाबी घालून खाल्ला. ह्यांनी किटली उरलीसुरली ओतून रिकामी केली आणि आणखी मिळेल का विचारलं. मिळाली. दोघांचं बिल दहा हजार येनच्या आसपास. आमच्या हिशेबाने महाग, आणि तरी चारही दिवसांत खर्चाबद्दल ह्यांनी कुरकुर केली नाही असं हे एकमेव जेवण.

रात्री भाच्याचा फोन आला. कुठली चांगली? मी मिशिमा म्हटलं, ह्यांनी नागोया, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. भाच्याने त्यात भर घातली. क्यूशूमध्ये यानागावा म्हणून कालव्यांचं गाव आहे, तिथे वाम आणि तारेत कालवलेला भात एकत्र लाकडी चौकटीत ठेवून वाफवतात आणि अंड्याचे पिवळे धागे पसरून देतात. गान्सो मोतोयोशिया हे तिथलं दुकान 1681 सालचं. शिन्कान्सेनने हाकाताला उतरून पुढे फुकुओकातल्या तेन्जिनहून निशितेत्सुची गाडी, साधारण पाऊण-एक तास. आमचं परतीचं विमान जवळ आलेलं, त्यामुळे आम्हाला जमलं नाही. तुम्ही पश्चिमेकडे जाणार असाल तर एक दिवस हातात ठेवा, आणि सान्शोची कुपी टेबलावर दिसली नाही तर मागून घ्या.